महामारीत नर्सची सुरक्षितता: कुठे थांबायचं, कुठे थांबून चालत नाही आणि कागदावर काय आणायचं

निशिगंध

साथ ओसरली की नर्सच्या सुरक्षिततेचा विषयही मागे पडतो. पुढची साथ येते तेव्हा वाचायला, विचारायला, भांडायला कुणाला सवड नसते. म्हणून वॉर्ड त्यातल्या त्यात शांत आहे तेव्हाच हा धागा काढते आहे.

मी अतिदक्षता विभागात स्टाफ नर्स आहे. कोविडच्या पहिल्या लाटेपासून एक प्रश्न डोक्यातून गेलेला नाही. संरक्षणाची साधनं अपुरी असतील तर नर्सने आत जायचं की नाही? तेव्हा ज्या त्या नर्सने याचं उत्तर एकटीने, दाराबाहेर उभं राहून, काही सेकंदांत दिलं. काही जणी आत गेल्या आणि आजारी पडल्या. काही थांबल्या आणि त्यांना 'पळपुटी' म्हणून ऐकून घ्यावं लागलं. दोघींवरही अन्यायच झाला, कारण तो निर्णय त्यांच्या एकटीच्या अंगावर यायलाच नको होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोविडने दगावले असावेत. मधला अंदाज १ लाख १५ हजार ५०० चा आहे. ३ मार्च २०२० रोजी याच संघटनेने सांगितलं होतं की साथीला तोंड द्यायला जगाला दर महिन्याला ८ कोटी ९० लाख मेडिकल मास्क, ७ कोटी ६० लाख तपासणीचे हातमोजे आणि १६ लाख गॉगल लागतील. म्हणजे तुटवडा पडणार हे आधीच दिसत होतं. आणि २०२० हेच साल फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या द्विशताब्दीनिमित्त परिचारिका आणि सुईणींचं वर्ष म्हणून जाहीर झालेलं होतं.

माझं म्हणणं सरळ आहे. रुग्णाची सेवा हे कर्तव्य आहे, मला ते मान्य आहे आणि ते मी सोडणार नाही. पण सुरक्षित साधनं देणं हे मालकाचं कर्तव्य आहे, आणि ते पाळलं गेलं नाही की त्याची भरपाई नर्सने स्वतःच्या फुप्फुसांनी करायची, हा हिशेब मला मान्य नाही. त्यागाचे गोडवे गायले की तो हिशेब कुणी विचारत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

इथे वेगवेगळ्या विभागांतली माणसं आहेत. कायदा जाणणारे आहेत, रुग्णांचे नातेवाईकही आहेत. मोकळेपणाने लिहा. 'नाही' म्हणायचा अधिकार नेमका किती आहे, तो वापरायचा कसा, आणि त्याच्याबरोबर आपल्यावर काय जबाबदारी येते, एवढं तरी या धाग्यातून स्पष्ट व्हावं.

मोकळा श्वास

फार गरजेचा धागा. मी इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे, त्यामुळे अधिकारांच्या आधी साधनांबद्दल लिहिते. आपल्याला काय मिळायला हवं हेच नीट माहीत नसेल तर मागणार काय?

सर्जिकल मास्क आणि एन-९५ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सर्जिकल मास्क समोरून उडणारे थेंब अडवतो, पण गालाच्या बाजूने हवा आत-बाहेर करतच असते. एन-९५ हा रेस्पिरेटर आहे. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, म्हणजे गाळायला सगळ्यात अवघड असे कण तो किमान ९५ टक्के अडवतो. अट एकच, तो चेहऱ्याला चारही बाजूंनी घट्ट बसला पाहिजे. बसला नाही तर हवा फटीतून येणार आणि गाळणी कितीही चांगली असली तरी उपयोग नाही.

तो बसतो की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, त्यासाठी फिट टेस्ट असते. डोक्यावर पारदर्शक टोपडं घालतात आणि आत कडू किंवा गोड चवीचं द्रावण फवारतात. आधी रेस्पिरेटर न घालता फवारून बघतात, तुम्हाला ती चव कळते ना याची खात्री करायला. मग रेस्पिरेटर घालून साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवीकडे, मान वर-खाली, बोलणं, वाकणं. यातल्या एकाही वेळी जिभेवर चव आली तर तो मॉडेल किंवा ती साइज तुमची नाही. मान फिरवताना गळती लागलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. सरळ उभ्या असताना सगळं व्यवस्थित, आणि रुग्णाला कुशीवर वळवायला वाकल्या की नाकाजवळ फट. अमेरिकेत कामाच्या ठिकाणी असा रेस्पिरेटर वापरायला लावायचा तर आधी फिट टेस्ट आणि नंतर दरवर्षी एकदा, असा नियमच आहे. बऱ्याच ठिकाणी मात्र खोकं उघडून हातात मास्क दिला की प्रशिक्षण संपलं.

धुऊन, सॅनिटायझर फवारून वापरणाऱ्यांसाठीही सांगते. एन-९५ च्या मधल्या थरात स्थिर विद्युतभार असतो आणि बारीक कण त्यालाच चिकटतात. अल्कोहोल किंवा साबणाने तो भार निघून जातो. मास्क दिसायला तसाच राहतो, गाळत मात्र नाही.

दुसरी गोष्ट डॉफिंगची, म्हणजे किट (मास्क, गॉगल, गाऊन, हातमोजे) अंगावरून काढण्याची. किट घालताना सगळ्या जणी काळजी घेतात. लागण होते ती काढताना, कारण तेव्हा ड्युटी संपलेली असते, घामाने अंग भिजलेलं असतं आणि कधी एकदा तोंडावर पाणी मारते असं झालेलं असतं. प्रचलित क्रम असा: हातमोजे, मग गॉगल किंवा शील्ड, मग गाऊन, आणि रेस्पिरेटर सगळ्यात शेवटी, रुग्णाच्या खोलीबाहेर येऊन दार लावल्यावर. गाऊन आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत काढायचा. रेस्पिरेटरच्या पुढच्या भागाला हात लावायचा नाही, आधी खालचा पट्टा, मग वरचा. शेवटी हात स्वच्छ करायचे, आणि मध्ये कुठे हाताला काही लागलंय असं वाटलं तर लगेच तिथेच.

२०१४ मध्ये अमेरिकेत डॅलसला एका इबोला रुग्णाची शुश्रूषा करताना दोन नर्सना लागण झाली. त्यानंतर तिथल्या रोग नियंत्रण केंद्राने सूचना बदलल्या. कातडीचा कुठलाही भाग उघडा राहता कामा नये, घालण्या-काढण्याचा सराव पुन्हा पुन्हा झालेला हवा, आणि दोन्ही वेळी प्रशिक्षित निरीक्षक समोर हवा. हा निरीक्षक, ज्याला आपण बडी म्हणतो, ड्युटी चार्टवर नावानिशी लिहिलेला असला पाहिजे. 'कोणीतरी बघेल' म्हटलं की कोणीच बघत नाही.

अबोली

मी कंत्राटी आहे. वर्षाचं कंत्राट, तेही पुढे वाढवतील की नाही याची खात्री नाही. निशिगंधताई, तुमचं सगळं पटतं, पण आमच्यासारखीने नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी 'उद्यापासून येऊ नका' असा फोन येतो. मागच्या साथीत माझ्या मैत्रिणीने वरिष्ठांना फक्त विचारलं होतं की गॉगल कधी येणार. पुढच्या महिन्याच्या ड्युटी लिस्टमध्ये तिचं नावच नव्हतं. कारण कुणी सांगितलं नाही, तिने मागितलंही नाही. लेखी तक्रार करा असं सगळे सांगतात. लिहायचं काय आणि द्यायचं कुणाला, हे कोणी सांगेल का?

कामगारमित्र

अबोली, तुमच्याच प्रश्नावरून सुरुवात करतो. कामगार कायद्याचं काम करतो. देशागणिक कायदे वेगळे आहेत, पण पाया एकच आहे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८१ चा करार क्रमांक १५५ हा कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचा मूळ दस्तऐवज. त्यातली चार कलमं प्रत्येक नर्सला तोंडपाठ हवीत. कलम १६ सांगतं की गरज असेल तिथे पुरेशी संरक्षक वस्त्रं आणि साधनं मालकाने द्यायची. कलम २१ सांगतं की सुरक्षिततेच्या उपायांचा खर्च कामगारावर पडता कामा नये. म्हणजे स्वतःच्या पैशाने मास्क आणायला सांगणं मुळातच चूक. कलम १३ प्रमाणे जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा आणि गंभीर धोका आहे असं मानायला सबळ कारण असताना कामगार त्या कामापासून बाजूला झाला, तर त्याला त्याचे गैरवाजवी परिणाम भोगावे लागू नयेत. आणि कलम १९ प्रमाणे असा धोका दिसला की कामगाराने तो ताबडतोब थेट वरिष्ठाला कळवायचा, आणि मालकाने गरजेप्रमाणे दुरुस्ती करेपर्यंत धोका चालूच असेल तर कामगाराला तिथे परत पाठवता येत नाही.

शेवटच्या कलमात अधिकार आणि जबाबदारी एकाच वाक्यात आहेत हे लक्षात घ्या. बाजूला व्हायचं, पण कळवून. न सांगता निघून गेलात तर हे संरक्षण तुमच्या मागे उभं राहत नाही.

जून २०२२ मध्ये संघटनेने सुरक्षित आणि निरोगी कार्यस्थळ हे कामाच्या मूलभूत तत्त्वांत आणि हक्कांत घेतलं. त्यामुळे ज्या सदस्य देशांनी करार १५५ स्वीकारलेला नाही, त्यांनाही या तत्त्वाचा आदर करणं बंधनकारक झालं. मात्र कोर्टात उभं राहताना तुमच्या देशाचा कायदाच हातात लागतो, हेही स्पष्ट सांगतो.

आणि नर्सचा नकाराचा अधिकार कारखान्यातल्या कामगाराएवढा मोकळा बहुतेक ठिकाणी नाही. कॅनडातल्या ऑंटारिओ प्रांताचा कायदा घ्या. तिथे रुग्णालयातल्या कर्मचाऱ्याला नकार देता येतो, पण तो धोका त्या कामाचा अंगभूत भाग किंवा नेहमीची परिस्थिती असेल, किंवा नकारामुळे थेट दुसऱ्याचा जीव, आरोग्य किंवा सुरक्षितता धोक्यात येत असेल, तर नाही. म्हणजे संसर्गजन्य रुग्ण आहे एवढ्या कारणाने नकार टिकत नाही. पण त्या आजारासाठी ठरलेली साधनं नसताना आत जा म्हणणं हा कामाचा अंगभूत धोका आहे, असं मी तरी मानत नाही, आणि खरा युक्तिवाद तिथेच आहे. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२० मध्ये रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगने आपल्या सभासदांना हेच सांगितलं होतं: साधनं मागा, तक्रार वर न्या, धोका कमी करायचे बाकीचे सगळे मार्ग वापरून बघा, आणि काहीच झालं नाही तर शेवटचा उपाय म्हणून उपचार करायला नकार देता येतो.

आता अर्ज. भाषणबाजी नको. तारीख, वेळ, वॉर्ड. कोणतं काम सांगितलं. त्यासाठी कोणतं साधन लागतं आणि ते कुठल्या लेखी सूचनेत म्हटलंय. काय उपलब्ध होतं, काय नव्हतं. कुणाला, किती वाजता सांगितलं, ते काय म्हणाले. आणि शेवटी हे वाक्य नक्की: 'साधन मिळताच मी हे काम करायला तयार आहे, तोपर्यंत पुढील काम करत आहे.' याच वाक्यामुळे तुमच्यावर कर्तव्य टाळल्याचा ठपका ठेवणं अवघड होतं. इन-चार्ज सिस्टरना एक प्रत, इन्फेक्शन कंट्रोल समितीला एक, तुमच्याकडे पोच घेतलेली एक. कंत्राटी असाल तर कंत्राटदारालाही. आणि शक्यतो एकटीच्या सहीने देऊ नका. कायम आणि कंत्राटी दोघींच्या सह्या एकाच कागदावर असल्या की एकीला वेगळं काढणं सोपं राहत नाही.

साधा माणूस

मी नर्स नाही. माझे वडील साथीत व्हेंटिलेटरवर होते. आम्हाला आत सोडत नव्हते, रोज संध्याकाळी एक सिस्टर फोन करून सांगायच्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण वाचताना पोटात गोळा आला म्हणून लिहितो. वडिलांच्या नळीत कफ अडकला असता आणि त्या क्षणी सिस्टर म्हणाल्या असत्या की साधन नाही, मी येणार नाही, तर? कलम दाखवून आमचं समाधान झालं असतं का? राग मानू नका, पण बेडवरचा माणूस कुठे अर्ज करणार?

निशिगंध

राग अजिबात नाही, दादा. हा प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवा होता.

नळी अडकली असेल तर त्या क्षणी बहुतेक नर्स आत जातातच. गेल्याच आहेत. मी बोलते आहे ते त्या क्षणाच्या आधीच्या आठवड्याबद्दल. तुमच्या वडिलांच्या बेडजवळ साधन नसण्याची वेळ येते, कारण आधी कुणीतरी सांगितलेलं असतं आणि वरच्यांनी ऐकलेलं नसतं.

टोरँटोचं उदाहरण सांगते. २००३ मध्ये तिथे सार्स या श्वसनाच्या संसर्गजन्य आजाराची साथ होती. मे महिन्यात साथ आटोक्यात आली असं वाटून खबरदारी सैल केली गेली. एका रुग्णालयातल्या नर्सेस सांगत होत्या की आमच्या वॉर्डात अजूनही सार्ससारखे रुग्ण दिसत आहेत. त्यांचं म्हणणं मनावर घेतलं गेलं नाही आणि साथीची दुसरी फेरी सुरू झाली. कॅनडात एकूण ४४ माणसं गेली. त्यात दोन नर्स आणि एक डॉक्टर. न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांच्या आयोगाने नंतर सगळं तपासलं. धोका कमी करण्यासाठी वाजवी पावलं उचलायला शास्त्रीय खात्री होईपर्यंत थांबायचं नसतं, हे त्या अहवालाचं मुख्य सांगणं. कोविडमध्ये विषाणू हवेतून किती पसरतो यावर महिनोन्महिने वाद चालला, आणि वाद मिटेपर्यंत अनेक ठिकाणी नर्सेसना सर्जिकल मास्कवर ठेवलं गेलं. टोरँटोचा धडा तोवर छापून तयार होता.

नर्स आजारी पडली की तिचे रुग्ण उरलेल्या जणींवर येतात. २००२ मध्ये लिंडा एकन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा. नर्सकडे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. साथ नसतानाची ही गोष्ट आहे. तुमच्या वडिलांची सिस्टर निरोगी राहणं हा तुमच्या वडिलांच्याच उपचाराचा भाग होता. आमच्या अर्जावर बेडवरच्या माणसाचीही सही आहे असं समजा.

शांताई

मी इन-चार्ज सिस्टर. बऱ्याच वर्षांची नोकरी झाली. इथे सगळ्या किटबद्दल बोलताहेत, मी ड्युटी लावणारी म्हणून बोलते.

किट घालून माणूस किती वेळ काम करू शकतो, याचा विचार ड्युटी लावताना झालाच पाहिजे. आत घाम वाहत असतो, पाणी पिता येत नाही, लघवीला जाता येत नाही. पाळी असेल तर विचारू नका. पोरी ड्युटीच्या आधी पाणी पिणं बंद करतात आणि मग चक्कर येऊन पडतात. किट वाचवायला म्हणून आठ-आठ तास आत ठेवणं ही काटकसर नव्हे, त्यात माणूस जातो. मधे बाहेर काढायचं म्हणजे एक किट जास्त लागतं, आणि ते मागणीपत्रात आधीच धरायचं असतं. स्टोअरवाले विचारतात, माणसं एवढीच तर किट एवढी का? उत्तर लेखी द्यायचं: दर पाळीला दर माणशी इतकी, कारण विश्रांती आहे.

दुसरं. आमच्या मावश्या आणि मामा. खोली पुसणार त्या, बेडपॅन उचलणार त्या, मृतदेह बांधणार ते. आणि फिट टेस्टच्या यादीत त्यांचं नाव नसतं. इबोलाच्या वेळी पश्चिम आफ्रिकेत गिनी, लायबेरिया, सिएरा लिओनमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना लागण होण्याचं प्रमाण इतर प्रौढांपेक्षा २१ ते ३२ पट होतं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं. लागण झालेल्यांत निम्म्याहून जास्त नर्स आणि नर्सेसच्या मदतनीस होत्या. नर्सने स्वतःपुरता चांगला मास्क मागून घेतला आणि शेजारच्या मावशी कापडी मास्कवर राहिल्या, तर ती सुरक्षितता अर्धीच आहे, आणि मला ती बघवत नाही.

तिसरं, खिडक्या. साथीच्या वॉर्डात हवा खेळती नसेल तर मास्क एकटा काय करणार? साध्या वॉर्डात दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर, आणि सक्शन (नळीतला कफ ओढून काढणं) आणि इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणं) चालतं तिथे १६० लिटर ताजी हवा हवी, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनात आहे. हे मोजायला इंजिनिअर लागतो. पण बंद खिडकी दिसायला इंजिनिअर लागत नाही. एसी जातो म्हणून लावून घेतलेल्या खिडक्या मी स्वतः उघडायला लावल्या आहेत.

गरोदर मुली, दमेकरी, ज्यांचे स्वतःचे उपचार चालू आहेत अशा जणी, यांना कुठे ठेवायचं हे साथ यायच्या आधी ठरवा. ऐन वेळी ठरवलं की बाकीच्यांना वाटतं वशिला लावला.

भूलतज्ज्ञ

डॉक्टरांच्या बाजूने एक भर. सगळ्यात जास्त धोक्याची वेळ म्हणजे इंट्युबेशन, सक्शन, सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबणं). यात रुग्णाच्या तोंडाजवळ आम्ही असतो आणि आमच्या कोपराला लागून नर्स. खोलीत किती माणसं हवीत हे आधी ठरवा, बाकीच्यांना बाहेर ठेवा. कोड ब्लूला, म्हणजे रुग्णाचं हृदय थांबल्याचा इशारा झाला की, धावत आत शिरायची आमची सगळ्यांची सवय आहे. साथीत ती मोडावी लागते: आधी किट, मग छातीवर हात. ते काही सेकंद जिवावर येतात. म्हणूनच दाराशी तयार किटचा ट्रे ठेवायचा आणि दर पाळीला तपासायचा. आमच्या विभागात क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची आणि साधनांची गाडी) तपासणाऱ्या सिस्टरच तोही ट्रे तपासतात आणि वहीत सही करतात.

आणि ट्रे रिकामा असेल तर नर्सने मला तोंडावर 'सर, थांबा' म्हणावं. ज्युनिअर असली तरी. तिथे मी मोठा, ती लहान असं काही नसतं. असं म्हणणाऱ्या सिस्टरवर आवाज चढवणारे डॉक्टर आहेत, आणि तक्रार त्यांचीही झाली पाहिजे.

प्राजक्ता

मी नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवते. अधिकारांवर छान चर्चा झाली, मी दुसरी बाजू जरा सविस्तर मांडते, कारण ती मांडली नाही तर आपलं म्हणणं लंगडं पडतं.

ताप, खोकला असताना ड्युटीवर येणं ही निष्ठा नाही. वॉर्डात लागण पसरवण्याचा तो सगळ्यात सोपा रस्ता आहे. पण आजारपणाची रजा बिनपगारी असेल तर मुली ताप लपवतात, हेही तितकंच खरं. म्हणून विलगीकरणातली पगारी रजा ही सवलत म्हणून मागू नका, संसर्ग रोखण्याचा उपाय म्हणून मागा.

सुई टोचली, गाऊन फाटला, मास्क निसटला, तर त्याच पाळीत नोंद करा. साथीच्या गडबडीत सुई टोचल्याचं सांगायला लाज वाटते, 'एवढं काय' वाटतं. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. साथ चालू आहे म्हणून बाकीचे आजार थांबलेले नसतात. पुढे आजार कामामुळे झाला हे सिद्ध करायची वेळ आली तर ही नोंदच कामी येते. नोंद नसली की 'बाजारात लागण झाली असेल' म्हणायला लोक मोकळे.

लस, प्रशिक्षण, हात धुणं, ठरलेला क्रम पाळणं, हे आपलं काम. मिळालेलं साधन चुकीचं वापरायचं आणि मग साधन वाईट म्हणायचं, असं नको. तुटवड्याचा पुरावा म्हणून वॉर्डाचे फोटो टाकताना रुग्णाचा चेहरा, केसपेपर, बेडवरचं नाव दिसता कामा नये. रिकाम्या खोक्याचा फोटो काढा, रुग्णाचा नको.

आणि विद्यार्थिनी. मनुष्यबळ कमी पडलं की यांनाच पुढे करतात. प्रशिक्षण, देखरेख आणि विमा या तिन्ही गोष्टी लेखी नसतील तर मी माझ्या मुलींना साथीच्या वॉर्डात पाठवत नाही, आणि हे मी संस्थेला लिहून दिलेलं आहे.

एक विषय राहिला: मारहाण आणि घरातून काढणं. कोविडच्या पहिल्या सहा महिन्यांत रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने ४० हून अधिक देशांत आरोग्यसेवेवरच्या हल्ल्यांच्या ६०० हून अधिक घटना नोंदवल्या होत्या. ड्युटीवर जाता-येतानाची सुरक्षितताही कामाच्या सुरक्षिततेतच मोडते. साथ यायच्या आधी राहायची सोय आणि ने-आण ठरलेली हवी.

साधा माणूस

सगळं वाचलं. नातेवाईक म्हणून आम्ही काय करू शकतो? अर्जावर आमची सही चालेल का?

कामगारमित्र

त्यांच्या अर्जावर नको, तो कामगारांचा राहू द्या. पण रुग्णाचा नातेवाईक म्हणून तुम्ही वेगळं पत्र देऊ शकता की आमच्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांना ठरलेली साधनं मिळतात का, ते कळवा. १७ सप्टेंबर २०२० च्या जागतिक रुग्ण सुरक्षा दिनाचा विषयच आरोग्य कर्मचाऱ्यांची सुरक्षितता हा होता, रुग्णाच्या सुरक्षिततेची पहिली पायरी म्हणून. तुमच्या पत्राला व्यवस्थापनाला वेगळं उत्तर द्यावं लागतं, आणि तुम्हाला नोकरी जायची भीती नसते.

अबोली

थोडं कळवायला आले. कामगारमित्र दादांनी सांगितला तसा अर्ज लिहिला. आमच्या वॉर्डातल्या कंत्राटी मुली, दोन कायम सिस्टर आणि एका मावशींनी सही केली. मावशींना अर्ज वाचून दाखवला तेव्हा त्यांनी सांगून एक ओळ वाढवून घेतली: मृतदेह बांधताना लांब हातमोजे मिळत नाहीत. आम्हा कुणाच्याच हे ध्यानात आलेलं नव्हतं.

पोच द्यायला आधी नकार दिला. मग आम्ही आवक रजिस्टरला नोंदवून क्रमांक घेतला. इन्फेक्शन कंट्रोल समितीच्या बैठकीत विषय आला. फिट टेस्ट सुरू करायचं मान्य झालं, सुरुवात अतिदक्षता विभागापासून. विश्रांतीच्या जादा किटचं 'बघू' म्हणालेत. कंत्राटाच्या मुदतवाढीचं अजून काही नाही, ती भीती तशीच आहे. पण या वेळी कागद आहे आणि सह्या एकीच्या नाहीत.

माझी फिट टेस्ट झाली आणि पहिल्या मॉडेलला नापास झाले. चष्म्यावर सारखी वाफ येते. याचा अर्थ मास्क बसलाच नाही असा घ्यायचा का? आणि आता पुढे काय करू?

मोकळा श्वास

अबोली, मावशींना माझा नमस्कार सांगा.

चष्म्यावर वाफ येते म्हणजे बहुतेक वेळा नाकाच्या वरच्या बाजूने हवा निसटते आहे. नाकपट्टी एका हाताच्या चिमटीने दाबू नका, त्याने मधे टोक येतं आणि दोन्ही बाजूंना फट राहते. दोन्ही हातांची बोटं मधोमध ठेवून बाहेरच्या दिशेने दाबत न्या. वरचा पट्टा डोक्याच्या मागे वरच्या बाजूला, खालचा मानेवर कानांच्या खाली, आणि दोन्ही एकमेकांवरून जाता कामा नयेत. अंबाडा मधे येत असेल तर खाली बांधा. मग दोन्ही हात मास्कवर अलगद ठेवून जोरात श्वास सोडा. कडेने वारा लागला तर पुन्हा बसवा. हे दर वेळी घालताना करायचं, फिट टेस्ट पास झाली असली तरी.

एवढं करूनही वाफ आलीच तर तो मॉडेल तुमच्या चेहऱ्याचा नाही. दुसरी साइज, दुसरा आकार मागा. ते देणं त्यांचं काम आहे, त्यात तुमच्या चेहऱ्याचा दोष नाही. पास व्हाल तेव्हा त्या कागदावर कंपनी, मॉडेल क्रमांक, साइज आणि तारीख लिहून घ्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. उद्या स्टोअरमधून दुसऱ्याच मॉडेलची पेटी आली तर तो कागद दाखवून टेस्ट पुन्हा मागायची. बाकीच्यांनाही हेच सांगा, आणि मावशींची टेस्ट कधी आहे ते मला कळवा.